पत्र्याची फुलं

"हे घे, आणि तुझ्या भाच्याच्या तोंडावर नेऊन मार!"

मी टँकर नुकताच उभा केला होता, इंजिनही बंद केलं नव्हतं. फिदेलामावशीनं खिडकीतून फेकलेली बाहुली माझ्या मांडीवर येऊन पडली. सोनेरी केसांची, गुलाबी झग्यातली, नवीकोरी.

"ही कुठून आणलीस?"

"मी आणली? मिर्ताच्या कबरीवर होती. अजून आहेत तिथं. एक तर आडवी केली की डोळे मिटते. माझ्या पोरीनं जन्मात बाहुली हातात धरली नाही, आणि आता मेल्यावर तिला बाहुल्या खेळवतायत!"

मी खाली उतरून पाण्याची नळी सोडवायला लागलो. मावशी ऐंशीला टेकलेली, अंगानं वाळून गेलेली, पण चिडली की तिची हनुवटी पुढे येते आणि मग समोरच्यानं गप्प बसावं हे बरं. ती माझ्या मागेमागे टाकीपर्यंत आली.

"काल एक बाई दारात उभी. शहरातली. म्हणे, संडास वापरू का. म्हटलं, वापर बाई. बाहेर आली, माझं अर्धी घागर पाणी हातावर ओतून घेतलं आणि विचारते कशी, 'आजी, त्या पोरीची कबर कुठं हो, जिला आईनं विष घातलं?'"

नळी माझ्या हातातच राहिली.

"ऐकलंस ना? आईनं. विष."

"असं कोण म्हणालं तिला?"

"तुझा फाबियान. गाड्या भरभरून माणसं आणतो. दिवस मावळताना माझ्या पोरीच्या उशाशी उभा राहतो आणि सांगतो, हिला हिच्या आईनं मारली. मला एवढंच सांग एर्नान, तुझ्या बहिणीनं त्याला दूध पाजलं की आणखी काही?"

टाकी भरली, बाहुली टँकरच्या सीटखाली टाकली आणि निघालो. माझं डोकं तापलं होतं. फाबियान पर्यटकांना सान दिमास दाखवतो हे मला ठाऊक होतं. तिथं उभा राहून तो काय दाखवतो, हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

हमरस्त्यावरून आत वळताना सरकारी पाटी आहे: 'सान दिमास, निर्मनुष्य वसाहत'. निर्मनुष्य म्हणे! मग मी दर शनिवारी टँकर घेऊन जातो तो काय दगडांना पाणी पाजायला? चार माणसं राहतात तिथं. जुनं लोखंड तोडून विकणारे चोके आडनावाचे दोघे भाऊ, दिवसभर रेडिओ कानाला लावून बसलेला निकानोर, आणि मावशी. ती ट्रकवाल्यांना चहा आणि भाकरीसारखे जाड पाव विकते. तिच्या दारावर पडदा आहे, खिडकीत मांजर आहे. तरीही माणसं येतात, पडदा बाजूला सारून आत डोकावतात, ती चुलीपाशी दिसली की किंचाळतात आणि मग हसत सुटतात. यांच्या घरात कुणी असं डोकावलं तर पोलीस बोलावतील.

मिर्ता माझ्याच वयाची होती. पत्र्याच्या चाळीत आमच्या आणि त्यांच्या खोलीत एकच भिंत, तीही इतकी पातळ की मावशीनं नवऱ्याला झापलं की माझे वडील इकडे मान खाली घालायचे. मिर्ता कंपनीच्या वर्कशॉपमधून बेअरिंगच्या गोळ्या पळवून आणायची आणि गोट्यांत आम्हा सगळ्या पोरांना हरवायची. खिसे कायम फाटलेले. बाहुली म्हणे!

आम्ही आठ-नऊ वर्षांचे होतो, त्या वर्षी कंपनीनं गाशा गुंडाळायला घेतला होता. इथल्या जमिनीतला खार खणून, खतासाठी विकून यांनी बंदरात महाल बांधले, आणि खाराला गिऱ्हाईक उरलं नाही तसे निघाले. आधी डॉक्टर गेला. मग दवाखान्यातल्या खाटा गेल्या. मग अँब्युलन्स गेली, यंत्रांबरोबर, विकायला. माणसं तेवढी शेवटपर्यंत ठेवली, कारण यंत्रं सुटी करायला माणसं लागतात. मावशीच्या नवऱ्याला पहिल्याच तुकडीत काढून टाकलं होतं. तो काम शोधायला किनाऱ्यावर गेला होता. आणि अशात मिर्ताच्या पोटात दुखायला लागलं. मावशी पोरीला उचलून मॅनेजरच्या बंगल्यावर गेली. माझे वडील सोबत होते. बंगल्यासमोर मोटार उभी होती, ती त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली. मॅनेजर म्हणाला, मोटार सामान भरून तयार आहे, सकाळच्या आगगाडीनं घेऊन जा. त्या मोटारीत त्याच्या बायकोच्या टोप्यांची खोकी होती. माझे वडील मरेपर्यंत त्या टोप्यांबद्दल बोलत राहिले. मावशी रात्रभर पोरीला खांद्यावर घेऊन त्या मोटारीपाशीच थांबली, आणि आगगाडी आली तेव्हा मिर्ता गेलेली होती.

गाव उठलं. पत्रे, दारं, खिडक्या, जे हाताला लागेल ते घेऊन लोक गेले. मावशी गेली नाही. नवरा न्यायला आला, दोनदा आला, मग यायचा थांबला. "तिला इथं एकटीला टाकून मी कुठं जाऊ?" एवढंच ती म्हणायची.

आमच्याकडे मातीत काही उगवत नाही. म्हणून आमच्या मेलेल्यांना पत्र्याची फुलं. दुधाचे डबे कापायचे, पाकळ्या वळवायच्या, रंग द्यायचा, तारेनं क्रूसाला बांधायची. पूर्वी चाळीतल्या प्रत्येक बाईचा हात वेगळा असायचा. कुणाची पाकळी आत वळायची, कुणाची बाहेर, कुणी टोकाला चिमटा काढायची. नुसतं फूल बघून बायका सांगायच्या, हे अमकीचं. रंग एका उन्हाळ्यात उडून जातो, पत्रा राहतो. दिवस मावळताना वारा सुटतो आणि कबरस्तानभर सगळी फुलं किणकिणतात. फाबियान त्यालाच 'मुलीचं रडणं' म्हणतो, हे मला पुढे कळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी बहिणीकडे गेलो. फाबियानची मिनीबस दारातच होती, बाजूला कवटीचं चित्र रंगवलेली. आत डोकावलो तर आरशाला पत्र्याचं एक फूल टांगलेलं. माझा हात शिवशिवला, पण गाडीला कुलूप होतं.

जेवताना मी सरळच विचारलं. "त्या गोष्टीत आईनं विष घातलं, हे तू कुठून आणलंस?"

फाबियान हसला. तिशीचा झाला तरी लाडात वाढलेल्या पोरासारखंच हसतो. "मामा, गोष्ट आहे ती. भूत नसेल तर सान दिमासला काय पत्रे मोजायला येतील लोक?"

"खरं काय झालं ते सांग की."

"सांगत होतो. सुरुवातीला सगळं सांगायचो. कंपनी, मजुरी, गाव कसं उठलं. लोक जांभया देतात, मोबाईल काढतात. भूत आलं की एकजात गप्प."

"भूत ठेव मग. आईला कशाला मध्ये घातलंस?"

"गोष्टीत कुणीतरी वाईट लागतं ना."

"होतं की वाईट! बंगल्यात राहत होतं! टोप्या भरून मोटारीतून निघालं होतं!"

"मॅनेजर म्हटलं की कुणाला काही होत नाही, मामा." तो आता समजावणीच्या सुरात बोलायला लागला, म्हणजे म्हातारा मीच. "मॅनेजर वाईट असतो हे सगळ्यांना माहीतच असतं. आईनं मारलं म्हटलं की अंगावर काटा येतो. आणि फिदेला आजीला कुठं कळतंय? संध्याकाळी ती तिकडे फिरकत नाही."

"कळलंय तिला."

त्याचा चमचा थांबला. बहीण माझ्याकडे बघायची आणि ताटाकडे बघायची. "बदलीन," तो म्हणाला. "आता सुट्ट्या आहेत, गाड्या भरलेल्या आहेत. एवढं होऊ दे, मग बदलतो." मी ताटावरून उठलो. बहिणीनं मागून हाका मारल्या, मी वळलो नाही.

एक नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या सणाला, गाव सोडून गेलेली आमची माणसं परत येतात. बंदरातून, राजधानीतून, कुठून कुठून. ज्याची जी खोली होती ती तो झाडतो. छप्पर नाही, दार नाही, तरी झाडतो. मग तिथंच चादर अंथरून करंजीसारखे भरलेले एम्पनादा खातात, आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून एकमेकांना हाका मारतात, "या शेजारी, चहा घ्या!" असं, जणू कुणी कुठं गेलंच नव्हतं. त्या दिवशी मीही आमची खोली झाडली. मावशीच्या भिंतीपलीकडून डबे कापल्याचा आवाज येत होता.

"बदलली का रे त्यानं गोष्ट?" तिनं पलीकडूनच विचारलं.

"बदलतो म्हणालाय. सुट्ट्या झाल्यावर."

कात्री थांबली. "सुट्ट्या झाल्यावर," ती म्हणाली. "म्हणजे आज संध्याकाळीही मी खुनी. बरं. आज मी ऐकायला येते."

"कशाला जीवाला त्रास करून घेतेस? मी त्याला गाडीतून उतरूच देत नाही."

"तू मधे पडायचं नाहीस. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

उन्हं कलल्यावर आमची बरीचशी माणसं परतीला लागली. मावशी नवी फुलं घेऊन कबरस्तानात गेली. मी मागे होतोच. मिर्ताच्या कबरीला पाळण्यासारखं लाकडी कुंपण आहे, लहान मुलांना आमच्यात तसंच करतात. कुंपणाला टेकून फाबियाननं पाटी रोवली होती, 'रडणारी मुलगी', लाल रंग ओघळवून लिहिलेली. आणि क्रूस अर्धा उघडा होता. वर्षानुवर्षांची फुलं, एकावर एक बांधलेली, त्यांतली निम्मी नव्हती. तारा तशाच लोंबत होत्या.

"माझी फुलं कुठं गेली?" मावशी म्हणाली. मला विचारलं असं नाही, हवेलाच विचारलं. मग ती शेजारच्या कबरीच्या कठड्यामागे बसली आणि काळी शाल डोक्यावरून घेतली.

मिनीबस परत आली. दुपारी उजेडात कबरस्तान हिंडून गेलेलीच पंधरावीस माणसं उतरली, गरम कपडे घातलेली, फाबियानच्या हातातल्या कंदिलाच्या उजेडात एकमेकांचे फोटो काढत. फाबियाननं मला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्यानं आवाज खाली आणला आणि सुरुवात केली. नवरा सोडून गेला. आई वेडी झाली. एका रात्री तिनं दुधात विष कालवलं. पोर तडफडत असताना ती अंगाई म्हणत होती. मग ती वाळवंटात चालत गेली. "तिची हाडं आजतागायत कुणाला सापडली नाहीत," तो म्हणाला. "ऐका... ऐकू येतंय? मुलगी रडतेय."

फुलं किणकिणत होती. एका बाईनं नवऱ्याचा दंड धरला.

"हाडं ही इथं आहेत," मावशी म्हणाली आणि उभी राहिली.

काय किंकाळ्या उठल्या! मग हशा. मग दहाबारा मोबाईल वर आले. मावशी कठड्याला धरून पुढे आली, तिच्या तोंडावर उजेडच उजेड.

"हिचं नाव मिर्ता. मी हिची आई. दूध मी दिलं होतं, त्यात साखर होती, दुसरं काही नव्हतं. ते तिच्या पोटात राहिलं नाही. तिला दवाखान्यात न्यायला गाडी पाहिजे होती. कंपनीनं अँब्युलन्स विकायला काढली आणि मॅनेजरनं त्याच्या मोटारीत बायकोच्या टोप्या ठेवल्या. पोर माझ्या खांद्यावर मेली, मोटारीपासून इतक्या अंतरावर." तिनं कंदिलाकडे बोट दाखवलं. "मी कुठं वाळवंटात गेले नाही. मी इथंच आहे. माझ्या घरात शिरता, माझा संडास वापरता, आणि मला खुनी म्हणता?"

आणि मग त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खरंच वाजवल्या. मनापासून. एक पोरगी म्हणाली, "काय काम करते ही बाई! मी तर रडायलाच लागले." एक जाडजूड गृहस्थ पुढे आला आणि त्यानं मावशीच्या हातात नोट कोंबली. मावशीनं त्या नोटेकडे पाहिलं, नोट खाली पडू दिली आणि फाबियानकडे वळली.

"यांना सांग, मी कोण."

फाबियाननं ओठांवरून जीभ फिरवली. सगळे त्याच्याकडे बघत होते, हसऱ्या तोंडानं.

"ही... ही आमची फिदेला आजी," तो म्हणाला. "सान दिमासची."

पुन्हा टाळ्या! मला मग राहवलं नाही. मी त्याची कॉलर धरली आणि कंदील खाली पडून फुटला. "आणखी सांग!" मी ओरडलो. "पुढचं सांग की, भाड्या! की सुट्ट्या होऊ देऊ?" लोकांना हेही नाटकच वाटलं असावं, कारण एकानं शिट्टी मारली.

"सोड त्याला, एर्नान," मावशी म्हणाली. "त्याच्याकडून नाही व्हायचं."

तिनं ॲप्रनची दोन टोकं धरून झोळी केली आणि ती त्या माणसांसमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "टाळ्या झाल्या? बरं झालं. आता माझी फुलं द्या. या क्रूसावरची. खिशात असतील, पिशवीत असतील. ती मी पोरीसाठी केली होती, तुमच्यासाठी नाही."

कुणी हललं नाही. ती तशीच उभी राहिली, झोळी पसरून. मग टाळ्या सगळ्यात जोरात वाजवणारी ती पोरगी खाली बघायला लागली. तिनं पाठीवरची पिशवी काढली, चेन उघडली, आणि एक फूल झोळीत टाकलं. ठण्ण असा आवाज झाला. त्या आवाजानं काय झालं कोण जाणे, पण हसणं थांबलं. मोबाईल खाली गेले. मग दुसरं फूल पडलं, तिसरं पडलं. ती एकेकासमोर जात होती आणि जो तो जमिनीकडे बघून खिशात हात घालत होता. ज्यानं नोट दिली होती त्या गृहस्थाकडे दोन निघाली. तो "माफ करा, सेन्योरा" असं काहीसं पुटपुटला. मावशी पुढच्या माणसाकडे सरकली. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

माणसं निमूट गाडीकडे निघाली आणि मला आरशावरचं फूल आठवलं. मी तरातरा गेलो, गाडीत चढलो, तिथली बॅटरी उचलली, दोरी तोडली आणि ते फूल आणून झोळीत टाकलं. "हेही घे. तुझ्या चोराकडे होतं."

मावशीनं ते उचललं, डोळ्यांजवळ नेलं, पाकळीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "माझी पाकळी बाहेर वळते. ही बघ, आत वळलीय, आणि टोकाला चिमटा. हे तुझ्या आईचं, एर्नान. पहिल्या वर्षी माझे हात चालत नव्हते. मिर्ताची सगळी फुलं तिनंच केली होती."

फाबियान दोन पावलांवर उभा होता. त्यानं ते ऐकलं. माझ्या आईनं त्याला लहानाचा मोठा केला होता. बहीण कामावर जायची आणि तो दिवसभर आजीच्या मांडीवर. तिच्या हातचं फूल तो क्रूसावरून ओरबाडून कवटीच्या गाडीत टांगून फिरत होता, आणि त्याला ओळखता आलं नव्हतं. तो खाली वाकून फुटक्या कंदिलाच्या काचा गोळा करायला लागला. बरं केलं. बोलला असता तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

मावशी क्रूसाजवळ खाली बसली. पहिलं तेच फूल घेतलं, वर, नावाच्या जागी टेकवलं. नाव केव्हाच उन्हानं खाल्लं होतं. तार वळायची आणि फूल निसटायचं. मी पुढे झालो तर तिनं मानेनंच नको म्हटलं.

"तू बॅटरी धर," ती म्हणाली. आणि मग, मागे न बघता, "त्याला सांग, तार धरायला माणूस लागतं."

मी सांगितलं नाही. माझ्या तोंडून ते निघालंच नसतं. पण तो आला. आधी त्यानं ती लाल पाटी उपटून बाजूला ठेवली, मग गुडघ्यांवर बसला आणि तार धरली. गाडीतून हॉर्न वाजला. थोड्या वेळानं एक बाई फाटकापाशी आली आणि थंडी वाजतेय, आणखी किती वेळ, असं विचारायला लागली.

"थांबावं लागेल," फाबियान म्हणाला. "मिर्ताची फुलं बांधतोय. कंपनीनं तिला गाडी दिली नव्हती. तुम्ही बसा."

मी बॅटरी धरून उभा होतो. माझा राग गेला नव्हता. आजही गेलेला नाही. पत्र्याची कड लागून त्याचं बोट कापलं आणि रक्त तारेवर आलं. मावशीनं ते पाहिलं. पुढचं फूल उचलून तिनं त्याच्या हातात दिलं.